स्टेशनपासून पाचशे मीटर

(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले काही तपशील स्मरणिकेसाठी लिहिताना घातले आहेत.)



संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' हा विषय दिला. वर फोनवर बजावलंही, "पंधरा-वीस मिनिटं बोल, पण फार टेक्निकल नको." मी एकवीस वर्षं अमेरिकेत सॉफ्टवेअरचं काम करते. त्यावर बोलायला लागले तर मागच्या रांगा आताच जेवणाच्या मंडपाकडे निघतील. म्हणून मी कामाबद्दल बोलणारच नाही. मी ज्या गाडीने कामाला जाते, त्या गाडीबद्दल बोलणार आहे. भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे नकाशात चूक झाली तर त्या उभं करतील याची मला कल्पना आहे.

गाडीबद्दल बोलण्याचं कारण कोथरूडमध्येच आहे. आपण शाळेत असताना पौड रस्त्यावर आपल्या सायकली होत्या आणि पीएमटी होती. आता त्याच रस्त्यावर खांबांवरून मेट्रो जाते. ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे कॉलेज हा टप्पा सुरू झाला. माझ्या आईचं घर वनाझ स्टेशनपासून चालत सहा मिनिटांवर आहे. सोसायटी चाळीस वर्षांची, तीन मजली, बावीस बिऱ्हाडं. दोन वर्षांपूर्वी आईचा फोन आला. म्हणाली, "अगं, आपली सोसायटी पाडून बावीस मजली करायची म्हणतायत. सगळे सह्या करतायत. तुझी संमती लागेल, फ्लॅटवर तुझंही नाव आहे." मी विचारलं, एकदम बावीस मजले कसे? तर म्हणाली, "मेट्रो आली ना."

मेट्रो आली आणि मजले वाढले, हे वाक्य ऐकून मी जरा थबकले. कारण 'गाडी आली, आता बघा सगळं कसं बदलतं' हे वाक्य मी पोर्टलंडमध्ये वीस वर्षं ऐकत आले आहे. आणि तिथे मी एवढं पाहिलं आहे की गाडी एकच असली, तरी वेगवेगळ्या स्टेशनांवर तिने वेगवेगळं काहीतरी घडवलं. कुठे गाव उभं राहिलं, कुठे काहीच उगवलं नाही, आणि कुठे नवीन उगवताना जुनं निघून गेलं. त्या तीन प्रकारांची गोष्ट सांगते.

पोर्टलंड हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगन राज्यातलं सर्वांत मोठं शहर. त्याच्या पश्चिमेला पंचवीस-एक किलोमीटरवर हिल्सबरो नावाचं गाव आहे. इंटेलचे मोठे कारखाने तिथे असल्यामुळे आपल्याकडचे इंजिनिअर पुष्कळ. गणपतीला आरती म्हणायला माणसं कमी पडत नाहीत. या दोन गावांना जोडणारी गाडी म्हणजे मॅक्स. ती लाइट रेल आहे. लाइट रेल म्हणजे मेट्रोपेक्षा हलकी आणि जुन्या ट्रामपेक्षा दणकट गाडी. गावाबाहेर स्वतःच्या रुळांवर वेगाने पळते आणि गावात आली की रस्त्यातून, सिग्नल पाळत, माणसांच्या शेजारून जाते. आपल्याकडे मुंबईत ट्राम होती. १८७४ मध्ये घोड्यांची सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची झाली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद पडली. जग ट्राम मोडत होतं त्या काळात अमेरिकेनेही आपल्या ट्राम मोडल्या. पोर्टलंडने मात्र पुढे रूळ परत आणले.

ते कसं झालं, हे ऐकण्यासारखं आहे. १९७० च्या सुमाराला पोर्टलंडच्या आग्नेय भागातून माउंट हूड फ्रीवे नावाचा प्रचंड रस्ता काढायचं ठरलं होतं. त्यात हजाराहून अधिक घरं जाणार होती. लोकांनी विरोध केला आणि १९७४ मध्ये तो रस्ता रद्द झाला. १९७३ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे अशा रद्द केलेल्या रस्त्याचा निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळवता येत होता. त्या निधीतला मोठा वाटा पुढे पहिल्या मॅक्स लाइनला मिळाला. ५ सप्टेंबर १९८६ ला पोर्टलंड ते ग्रेशम अशी सुमारे २४ किलोमीटरची ती लाइन सुरू झाली. रस्त्यासाठी ठेवलेला पैसा रुळाला गेला, असं उदाहरण मला तरी दुसरीकडे सहज आठवत नाही.

त्याच काळात ऑरेगनने आणखी एक काम केलं. १९७३ च्या राज्य कायद्याने प्रत्येक शहराला आपल्या वाढीची हद्द आखणं भाग पडलं. पोर्टलंड परिसराची हद्द १९७९ मध्ये आखली गेली. हद्दीच्या आत घरं, बाहेर शेती आणि जंगल. म्हणजे शहराला बाहेर पसरायला मर्यादा आली, तेव्हा आतच दाट व्हायला हवं, आणि दाट व्हायचं तर गाडीच्या जवळ व्हायला हवं, हा हिशोब आधी कागदावर मांडला गेला. रूळ आणि जमीन यांचा विचार एकत्र झाला. हे वाक्य लक्षात ठेवा, मी शेवटी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता माझ्या गावाकडे येते. पश्चिमेची लाइन १२ सप्टेंबर १९९८ ला हिल्सबरोपर्यंत सुरू झाली. वाटेत टेकड्या आहेत, त्यांच्या पोटातून साधारण पावणेपाच किलोमीटरचा बोगदा आहे. बोगद्यात एकच स्टेशन, वॉशिंग्टन पार्क. ते जमिनीखाली २६० फूट आहे, लिफ्टने वर यावं लागतं. उत्तर अमेरिकेतलं ते सर्वांत खोल स्टेशन. आधी ही लाइन हिल्सबरोच्या अलीकडेच थांबायची होती. हिल्सबरोच्या लोकांनी हट्ट धरला आणि ती पुढे आली. ती आली तेव्हा वाटेतल्या कित्येक स्टेशनांभोवती नुसती मोकळी शेतं होती. पाहुणे विचारायचे, इथे कोण चढणार?

पण गाडी यायच्या आधीच त्या शेतांचे आराखडे तयार होते. स्टेशनजवळच्या जमिनीवर काय बांधायचं आणि काय नाही, हे ठरलेलं होतं. त्यातलं एक स्टेशन ऑरेन्को. नाव कुठून आलं माहीत आहे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे 'ऑरेगन नर्सरी कंपनी' नावाची मोठी रोपवाटिका होती आणि तिच्या कामगारांचं गाव होतं. कंपनीच्या नावातली अक्षरं जोडून गावाचं नाव झालं ऑरेन्को. कंपनी बुडाली, गावाची नगरपालिकाही १९३८ मध्ये विसर्जित झाली. साठ वर्षांनी त्याच रोपांच्या जमिनीवर नवीन वस्ती उगवली. अरुंद रस्ते, रस्त्याला लागून ओसरी असलेली लहान घरं, रो-हाऊस, दुकानांच्या वर फ्लॅट, मध्ये एक हिरवळ, उन्हाळ्यात रविवारचा शेतकरी बाजार.

मी २००४ मध्ये हिल्सबरोला आले तेव्हा मात्र तिथे राहत नव्हते. स्टेशनपासून लांब, हमरस्त्यालगतच्या एका स्वस्त संकुलात राहायचे. २००५ मध्ये आई पहिल्यांदा आली. सकाळी मी आणि नवरा दोन गाड्या घेऊन दोन दिशांना जायचो आणि आई घरात. बाहेर पडून जाणार कुठे? दुकान तीन किलोमीटर, रस्त्याला फुटपाथ नाही. ज्यांचे आई-वडील अमेरिकेला जाऊन आलेत त्यांना हे सांगायला नको. सहा आठवड्यांनी आई म्हणाली, "इथे सगळं आहे गं, पण पायांना काम नाही." आयुष्यभर कोथरूडमध्ये पिशवी घेऊन स्वतःची भाजी स्वतः आणणारी बाई. दोन महिने लवकर परत गेली.

२००८ मध्ये माझ्या मुलाच्या वेळी ती पुन्हा आली, तेव्हा आम्ही ऑरेन्कोला भाड्याने राहत होतो. पहिल्या आठवड्यात ती किराण्याच्या दुकानात एकटी जाऊन आली. दुसऱ्या आठवड्यात गाडीत बसली. पोर्टलंडच्या मध्यभागी एका स्टॉपचं नावच 'लायब्ररी' आहे. मी तिला सांगितलं, लायब्ररी ऐकू आलं की उतर. ती उतरली, मोठ्या ग्रंथालयात तासभर चित्रांची पुस्तकं चाळली आणि पोळ्यांच्या वेळेला घरी परत. मॅक्समध्ये दारं कुठल्या बाजूला उघडणार ते इंग्रजीत आणि मग स्पॅनिशमध्ये सांगतात. दोन महिन्यांत आईला ते स्पॅनिश वाक्य पाठ झालं. नातवाला मांडीवर घेऊन "पुएर्तास आ मी इस्किएर्दा" म्हणायची. आमच्या घरात डाव्या हाताला अजून इस्किएर्दाच म्हणतात. या वेळी ती सहा महिने राहिली आणि एकदाही 'कंटाळा आला' म्हणाली नाही.

स्टेशनजवळच्या विकासाची माझी व्याख्या तेव्हापासून हीच आहे. पासष्टीची बाई कोणाला न विचारता घराबाहेर पडून काम करून परत येऊ शकते का? येऊ शकत असेल तर विकास झाला.

पण ऑरेन्कोचंही सगळं गोड नाही, तेही सांगते. गावाचा चौक स्टेशनला लागून नाही, साधारण चारशे मीटर उत्तरेला मोठ्या रस्त्यावर आहे. कारण गाडीने येणाऱ्या प्रवाशांवर दुकानं चालणार नाहीत, मोटारवाले हवेत, असं बांधणाऱ्यांना वाटलं. चौक आणि स्टेशन यांच्यामधली बरीच जमीन पुढे अनेक वर्षं रिकामीच राहिली. पोर्टलंडच्या लुईस अँड क्लार्क कॉलेजातल्या ब्रूस पॉडॉबनिक या समाजशास्त्रज्ञांनी इथल्या लोकांची पाहणी केली. इतर उपनगरांपेक्षा इथे लोक जास्त चालतात, शेजाऱ्यांना ओळखतात, गाडीही अधूनमधून वापरतात. पण रोज कामावर जाताना बहुतेक जण मोटारच काढतात, असं निघालं. मीही पहिली काही वर्षं त्यांच्यातच होते. ऑफिसात पार्किंग फुकट होतं ना!

पोर्टलंडच्या मध्यवर्ती भागात याहून चोख काम झालं. पर्ल डिस्ट्रिक्ट म्हणून भाग आहे, तिथे पूर्वी रेल्वेची यार्डं आणि गोदामं होती. तिथून छोटी स्ट्रीटकार नेण्याचं ठरलं, ती २००१ मध्ये सुरू झाली. पण त्याआधी १९९७ मध्ये शहराने तिथल्या मोठ्या जमीनमालकाशी करार केला. तो मला आमच्या सॉफ्टवेअरच्या करारांसारखा वाटतो, एक टप्पा पूर्ण झाला की पुढचा. तेव्हा एकरी किमान १५ घरांची अट होती. शहराने तिथला जुना उड्डाणपूल पाडला की मालकाने एकरी किमान ८७ घरं बांधायची. स्ट्रीटकार आणली की १०९. बाग केली की १३१. म्हणजे शहर जे देणार त्याच्या बदल्यात मालकाने काय द्यायचं, हे आकड्यात आणि आधी लिहिलेलं. हा झाला पहिला प्रकार, जिथे गाव उभं राहिलं.

दुसरा प्रकार विमानतळाच्या वाटेवर पाहायला मिळतो. विमानतळाकडे जाणारी रेड लाइन बांधताना खर्चाचा काही भाग एका खाजगी कंपनीने उचलला. मोबदल्यात तिला विमानतळाजवळची १२० एकर जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने विकसित करायला मिळाली. तिथे ऑफिसं, हॉटेलं, दुकानं असं सुंदर चित्र रंगवलं होतं. त्या जमिनीसाठी दोन स्टेशनंही बांधली. लाइन सुरू झाली १० सप्टेंबर २००१ ला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते सांगायची गरज नाही. विमानप्रवास कोसळला, गुंतवणूक थांबली. मी तिथे नवीन असताना विमानतळावर कोणाला आणायला गाडीने जायचे, तेव्हा या दोन स्टेशनांवर दारं उघडायची, बाहेर गवत दिसायचं, दारं बंद व्हायची. कोणी चढत नसे, उतरत नसे. शेवटी २००५ मध्ये शहराने मोठमोठ्या दुकानांना असलेली बंदी सैल केली, आणि २००७ मध्ये तिथे आयकिया आलं. आज तिथे गर्दी असते, पण मोठ्या पार्किंगच्या मैदानांभोवतीची. सोफा विकत घेऊन लाइट रेलने कोण जाणार? रूळ घातले म्हणजे गाव उगवतंच असं नाही, हे मी तिथे शिकले.

तिसरा प्रकार सांगताना मला नेहमी जड जातं.

दुसऱ्या महायुद्धात पोर्टलंडच्या जहाज कारखान्यांतल्या कामगारांसाठी नदीकाठी व्हॅनपोर्ट नावाचं शहर घाईघाईत उभारलं होतं. त्यात कृष्णवर्णीय कुटुंबं पुष्कळ होती. ३० मे १९४८ ला बांध फुटला आणि ते अख्खं गाव पुरात गेलं. त्या कुटुंबांना शहरात दुसरीकडे कोणी घरं देईना, म्हणून ती उत्तरेकडच्या अल्बिना भागात एकवटली. मग तिथे एक मोठं क्रीडागृह आलं, घरं पाडली. महामार्ग आला, घरं पाडली. १९७० च्या सुमाराला हॉस्पिटलच्या विस्तारासाठी आणखी घरं पाडली, आणि केंद्राचा निधी आटल्यामुळे ती जमीन पुढे वर्षानुवर्षं मोकळी पडून राहिली.

याच उत्तर भागातून इंटरस्टेट अव्हेन्यूवरून यलो लाइन १ मे २००४ ला सुरू झाली. या वेळी शहाणपण आलेलं होतं. रूळ रस्त्याच्या मधोमध घातले, जेणेकरून घरं पाडावी लागू नयेत. स्टेशनांवर तिथल्या इतिहासाची चित्रं, शिल्पं लावली. मधल्या बैठकांमध्ये स्थानिकांनी 'आम्हाला ही गाडी हवी' असं सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. पण गाडीबरोबर सुधारणेचा पैसा आला, कॅफे आले, तरुण नोकरदार आले, भाडी वाढली, घरांच्या किमती वाढल्या. कोणाच्या घरावर बुलडोझर चालला नाही. तरीही २००० नंतरच्या दशकात त्या सगळ्या परिसरातून हजारो कृष्णवर्णीय रहिवासी शहराच्या पूर्व टोकाला, स्वस्त पण लांबच्या, तुटक फुटपाथांच्या वस्त्यांमध्ये गेले. त्याला एकटी गाडी कारणीभूत नाही, घरांचे भाव सगळीकडेच वाढत होते. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी तिथे काढल्या, त्यातल्या अनेकांना चांगली गाडी दारात आली तेव्हा दारच राहिलं नाही.

पुढे पोर्टलंड शहराने एक धोरण आणलं. त्या भागात परवडणारी घरं बांधली की ज्यांची कुटुंबं तिथून उठवली गेली होती, त्यांना आधी संधी द्यायची. चांगलं धोरण आहे. पण गेलेला शेजार परत आणणं किती कठीण असतं, हेही त्यातून दिसतं. चर्च आहे, आणि चर्चला येणारी माणसं रविवारी तीस-तीस किलोमीटरवरून मोटारीने येतात.

हे सगळं मी दुरून पाहिलं असं समजू नका. ऑरेन्कोला आमच्या शेजारी एक आजी राहायच्या, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या. मुलाच्या जन्मानंतर पहिलं सूप त्यांनी आणून दिलं होतं. भाडं दोनदा वाढलं आणि त्या गेल्या, मुलीकडे, चाळीस किलोमीटरवर. आम्ही मात्र २०१० मध्ये मंदीत भाव पडलेले असताना तिथेच एक रो-हाऊस घेतलं. आज त्याची किंमत दुपटीहून जास्त आहे. त्यासाठी मी काय केलं? काही नाही. मी स्टेशनपासून पाचशे मीटरच्या आत होते आणि माझ्याकडे डाऊन पेमेंट होतं. आजींकडे नव्हतं. एकच स्टेशन, एकच भिंत, आणि दोन घरांना दोन वेगळे निकाल.

२०१५ मध्ये ऑरेन्को स्टेशनजवळ ५७ परवडणारी घरं झाली. फार कमी विजेत गरम राहणारी, नीट बांधलेली. मी उद्घाटनानंतर बघायला गेले होते, आणि मला सारखं वाटत राहिलं की ही सात-आठ वर्षं आधी झाली असती तर आजी आमच्या शेजारीच असत्या. जमीन स्वस्त असते तेव्हा कोणाला सुचत नाही, आणि सुचतं तेव्हा जमीन परवडत नाही.

आता पुन्हा वनाझला येऊया.

आपल्याकडे नियम असा आहे की मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत प्लॉटचा आकार आणि रस्त्याची रुंदी बघून चारपर्यंत एफएसआय मिळू शकतो. विचार योग्यच आहे, जिथे गाडी आहे तिथे जास्त माणसांनी राहावं. पोर्टलंडनेही तेच केलं. म्हणून मी आईच्या सोसायटीचा नवा आराखडा मागवला आणि नीट वाचला. बावीस मजले. त्यातले खालचे चार मजले पार्किंगचे. प्रत्येक मोठ्या फ्लॅटला दोन गाड्यांची जागा. सगळ्यात लहान फ्लॅट तीन बेडरूमचा.

म्हणजे बघा. मेट्रो जवळ आहे म्हणून आपल्याला जास्त मजले मिळाले, आणि त्या मजल्यांवर आपण अशा लोकांची सोय केली जे दोन मोटारी ठेवणार आणि मेट्रोत क्वचित बसणार. मेट्रोत बसतील असे कोण आहेत? सोसायटीतले आठ भाडेकरू. जिन्याखाली इस्त्री करणारे काका. गॅरेजच्या गाळ्यात ब्लाउज शिवणाऱ्या ताई. वीस वर्षं आईकडे येणाऱ्या मावशी. त्यांची नावं त्या आराखड्यात कुठेच नव्हती. काकांनी मला विचारलं, "ताई, नव्या बिल्डिंगमध्ये जिना असेल ना?" जिना आहे, पण त्याच्याखाली जागा नाही.

मी हे आईच्या सोसायटीच्या सभेत, व्हिडिओ कॉलवर, तीन सूचना म्हणून मांडलं. एक, काही फ्लॅट एक बेडरूमचे ठेवा, म्हणजे एकटे म्हातारे, नवीन लग्न झालेले, भाड्याने राहणारे यांना जागा राहील. दोन, पार्किंगचा एक मजला कमी करा. तीन, रस्त्याच्या बाजूला चार लहान गाळे ठेवा आणि ते आधी आपल्याच काकांना, ताईंना द्या. पहिल्या दोन सूचना पडल्या. एक काका म्हणाले, "तू तिकडे बसून बोलतेस, इथे पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावू?" त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. मीही फुकट पार्किंग असताना मोटारच काढत होते. तिसरी सूचना मात्र अकरा विरुद्ध नऊ मतांनी मंजूर झाली. करारात ती अजून लिहिली गेलेली नाही. ती लिहिली जाईपर्यंत मी संमतीपत्रावर सही केलेली नाही. आई रोज विचारते, आणि माझ्यामुळे बावीस घरं अडली आहेत असंही काही जण म्हणतात. खरं सांगायचं तर मलाही झोप लागत नाही. पण पर्लमधल्या करारातून मी एवढंच शिकले आहे की जे आधी लिहिलं जात नाही, ते नंतर मिळत नाही.

हे इथे सांगण्याचं कारण असं की या सभागृहात बसलेल्यांपैकी निदान तीस जणांच्या सोसायट्या सध्या याच वाटेवर आहेत. काल रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोजलं. तुमच्यात आर्किटेक्ट आहेत, वकील आहेत, एक जण नगरसेवक होता, दोघे बिल्डर आहेत. मी बिल्डरांच्या विरुद्ध नाही, पार्टीचा केक त्यांनीच आणलाय. पण सह्या करताना कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंड एवढेच दोन आकडे बघू नका. स्टेशनपर्यंत चालत जायला वाट आहे का, आज आपल्याभोवती जी माणसं आहेत त्यांच्यातली किती उद्या इथे राहतील, हे दोन आकडेही विचारा.

आणि एक आपल्या शाळेबद्दल. मघाशी बाई म्हणाल्या, आपल्या वेळी पाचवीच्या चार तुकड्या होत्या, आता एक आहे. त्याची कारणं बरीच आहेत, इंग्रजी माध्यम हे पहिलं. पण ज्या घरांमधली मुलं चालत या शाळेत यायची, ती लहान घरं एकेक करून जात आहेत, हेही एक आहेच. शाळेला देणगी आपण देऊच. पण शाळेला मुलं लागतात, आणि मुलांना जवळपास घर लागतं.

मी फार बोलले. जेवण गार होतंय. शेवटी एकच विनंती. उद्या रविवार आहे. सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापाशी जमूया आणि मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जाऊया. वह्या आणा. बाई, तुम्ही याल का? क्षेत्रभेटीला तुम्ही नसाल तर ती क्षेत्रभेट कसली.



(ता. क. रविवारी सकाळी चौदा जण आलो. बाई सगळ्यात आधी आल्या होत्या. फाटकापासून स्टेशनच्या जिन्यापर्यंत आम्हाला एकोणीस मिनिटं लागली. फुटपाथ सात ठिकाणी तुटलेला, तीन ठिकाणी पार्क केलेल्या गाड्यांनी अडलेला, आणि एका चौकात रस्ता ओलांडायला सिग्नलच नाही, अशी यादी झाली. वर्गातल्या आर्किटेक्ट मित्राने त्याचा नकाशा काढला आणि तो क्षेत्रीय कार्यालयात दिला आहे. गाळ्यांचं कलम कराराच्या नव्या मसुद्यात आलं आहे. वकील मैत्रीण तो वाचते आहे. तिने हो म्हटलं की मी सही करेन.)